हॉट वॉटर म्हणजे गरम पाणी नव्हे

मित्रांनो, मी करडी गावातल्या धनीरामच्या घरचा एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. धनीरामचा मुलगा वीरेंद्र दहावीत पहिला आला, तेव्हा शाळेने मला बक्षीस म्हणून त्याच्या हाती दिले. त्याने मला खाकी कव्हर घातले. माझ्या शेवटच्या पानांवर इंग्रजी वाक्प्रचार होते. ‘इन हॉट वॉटर’ म्हणजे गरम पाण्यात नव्हे, तर संकटात, हे वाचून तो खूप हसला होता.

पुढे तो परराज्यात एका कारखान्यात कामाला गेला. मी फळीवर पडून राहिलो. एका पावसाळ्यात सरपण भिजले आणि त्याची आई, निर्मलाबाई, हिने चूल पेटवायला माझी शेवटची पाने फाडली. तिला तरी काय दोष द्यावा? मला कितीतरी दिवसांत कोणी उघडलेच नव्हते.

दिवाळीनंतर घरच्या साध्या मोबाइलवर वीरेंद्रचा मेसेज आला, “आय अ‍ॅम इन हॉट वॉटर.” त्याची धाकटी बहीण रुपा हिने मला खाली काढून एकेक शब्द शोधला.

“आई, दादाले गरम पाणी भेटून राहिलं.”

“बरं झालं बाई, थंडीचे दिवस आहेत.”

मला ओरडून सांगावेसे वाटले. पण मला कुठला आवाज!

आठवड्याने दुसरा मेसेज आला, “माय बॅक इज टू द वॉल.” म्हणजे पुरता कोंडीत सापडलो आहे. पण रुपाला सापडले ते शब्द एवढेच: पाठ, भिंत. दादाला भिंतीजवळची जागा मिळाली, असे रुपाला वाटले. धनीरामने फोन केला, तर “बरा आहो, बाबा,” एवढेच बोलून वीरेंद्रने फोन ठेवला.

माघात तो घरी आला. उजव्या हाताची तीन बोटे मशीनने नेली होती.

“मशीन बिघडली होती, तरी चालवाले लावत. गावाले येऊ देत नव्हते,” तो म्हणाला. “फोनवर बोलताना मुकादम बाजूले बसे, मेसेज बी वाचे. त्याले मराठी समजते, थोडी इंग्रजी बी येते, म्हणून सरळ नाही लिवलं. वाटलं, रुपाले समजन.”

रुपाने माझी फाटकी बाजू उघडली आणि ती हुंदके देऊ लागली. निर्मलाबाई पुढे आली. “तिले काही म्हणू नको रे. ते पानं मीच जाळले.”

वीरेंद्रने डाव्या हाताने रुपाचे डोळे पुसले.

मित्रांनो, पुस्तकाचे पान फाडू नका. आणि आपल्या माणसाचे बोलणे उमगले नाही, तर अंदाजावर भागवू नका, जाणत्याला विचारा. रुपाची शाळा घरापासून चार पावलांवर होती.

आता वीरेंद्र डाव्या हाताने लिहायला शिकतो आहे. वही सरकू नये म्हणून रुपा ती दोन्ही हातांनी धरून बसते.