उजेडबाबाची निळी शाई

"चपला बाहेर काढा म्हणतात, आणि हरवल्या की म्हणतात मोह सोडा," पुढची बाई पुटपुटली. सुनेला हसू आलं. सासूबाईंनी कोपर मारलं.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या मांडीवर उजेडबाबांनी दिलेली एक चौकट, आणि चौकटीत आपापलं गेलेलं माणूस चमकत होतं. मागे दिवा नाही, वायर नाही, कागदाएवढा पातळ पडदा. सासूबाईंच्या चौकटीत त्यांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा. घरी ती कपाटात असे. सुनेला हात लावायची बंदी. आज तिने पहिल्यांदा जवळून पाहिली. दोन महिन्यांत तो पिवळा पडला होता, आणि डाव्या भुवईवर एक काळी रेघ होती.

"माई, घरात विधवेची सावली आहे. आत्मा झुरतोय," उजेडबाबा म्हणाले. आवाजात मध इतका, की मुंग्या लागाव्यात. "सुनेला माहेरी धाडा."

तिची बॅग सकाळीच भरून दाराशी ठेवली होती.

"आणि ही काळी रेघ?" तिने विचारलं.

"परलोकाचा उंबरठा, ताई."

"सगळ्यांचा उंबरठा डाव्या भुवईवरच? जरा शेजारच्याची चौकट बघा."

माना वळल्या. कुणाचे आजोबा, कुणाची मुलगी. रेघ तीच, तिथेच.

"आमच्या मोत्यालाही आहे," निवृत्त पोस्टमन कुत्र्याची चौकट उचलून म्हणाले.

"मी नऊ वर्षं कारखान्यात असेच पडदे छापते," सून म्हणाली. " मशीनच्या बारीक नोझलमधून लाल, हिरव्या, निळ्या शाईचे थेंब आपापल्या खळग्यात पडतात. वीज मिळाली की ती शाईच उजळते. एक नोझल तुंबलं की तिथली रेघ कोरी, काळीच राहते. आम्ही असा माल फेकतो, हे त्याला परलोक म्हणतात."

"आणि पिवळेपण?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"निळी शाई आधी थकते, आई. निळं गेलं की उरतं ते पिवळं. माझी सावली शाईवर पडत नाही."

तिने केसातली पिन काढून चौकटीची पाठ उचकटली. आत चपटी बॅटरी. ती काढली, नवरा विझला. हॉलभर पाठी उचकटल्याचे आवाज सुरू झाले.

बाबा मागच्या दाराने निघाले, मोह सोडून, अनवाणी.

"फोटो आपणच दिला होता ना, चौकट मिळायच्या आठ दिवस आधी? चमकेल त्याची पाठ उघडून बघायची, आई. त्याला कुणाची परवानगी लागत नाही."

सासूबाई काळ्या काचेवरून बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी चौकट पालथी ठेवली.

"तो गेला गं," त्या म्हणाल्या. "तू नको जाऊस."