वळण

“माणसाला टेकायला जागा न्हाई, आन् कुत्र्याला खिडकी,” वडापच्या जीपमधली म्हातारी पदरात पुटपुटली, पण बरोबर दीपमालेच्या कानाशी.

दीपमालेनं गुडघ्यांमधला दोर आवळला. “मावशी, त्याला मधी घेतलं तर तुमास्नी सगळ्यास्नी एका कडंला लावून बसवंल. मग मला बोल लावू नका.”

म्हातारीनं कुत्र्याकडे पाहिलं. दहा वर्षांचं धूड, तोंडाभोवतीचे केस पांढरे, डावा कान फाटलेला. खिडकीबाहेर पळणारी झाडं मोजत असल्यासारखं ते मान हलवत होतं. एखादं झाड मागं राहिलं की कुईं करायचं.

त्याचं नाव हवालदार. नाव दीपमालेनंच ठेवलेलं. धनगरांचा कळप हायवे ओलांडताना तो मागं राहिला आणि गाडीखाली आला. साताऱ्याच्या प्राणिमित्रांनी त्याचा पाय जोडून घेतला आणि घर मिळेपर्यंत सांभाळायला म्हणून कोरेगावात तिच्याकडे आणून सोडला. ब्लाऊज शिवून पोट भरणाऱ्या तिच्या दोन खोल्यांत अशी कुत्री येत-जात असत. हवालदार मात्र गेला की परत यायचा. जन्मभर मेंढ्या वळलेल्या, आता मेंढ्या नव्हत्या म्हणून तो माणसं वळायचा. वाईच्या गुरुजींनी त्याला दोन दिवसांत परत पाठवलं. घाटावर आलेले सात यजमान त्यानं एका पायरीवर गोळा केले होते आणि अभिषेक संपला तरी एकालाही हलू दिलं नव्हतं.

असा कुत्रा कुणाला द्यावा, या विचारात ती असतानाच कडेगावाहून धाकट्या जावेचा, राणीचा, फोन आला होता. सात वर्षांत पहिल्यांदा.

“अक्का, ग्रुपवर फोटू बघितला. आत्यांनी धोशा लावलाय, कुत्रं आणा म्हणून. तुमच्याकडचंच पायजे म्हणत्यात. त्याला वळण हाय का पण?”

दीपमालेच्या हातातली सुई क्षणभर थांबली.

“वळण?” ती म्हणाली. “लय चांगलं वळतो.”

एक अक्षर खोटं नव्हतं. त्या रात्री ती पोटभर जेवली.

सात वर्षांपूर्वी नवरा, ज्ञानू, सांगलीच्या दवाखान्यात होता आणि ती वीस दिवस त्याच्या उशाशी. घरी तिचा कुत्रा चित्र्या होता, ठिपक्याठिपक्यांचा, तिच्या पायात घोटाळणारा. नवऱ्याला स्मशानात पोहोचवून ती परतली तेव्हा दारात चित्र्या नव्हता. “पळाला,” दीर पृथ्वीराज म्हणाला होता. “पळाला,” राणी म्हणाली. सासू तानुबाई, राणीच्या आत्या, भिंतीकडे तोंड करून पडलेली; ती काहीच म्हणाली नाही. चित्र्याच्या पाण्याच्या घंगाळात तेराव्याच्या आत मोगरा लावलेला होता. कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात म्हणणारी घरात एकच होती, राणी. दीपमालेनं कुणाला काही विचारलं नाही. महिन्याभरात ती कोरेगावला निघून आली, आणि येताना तो मोगरा मुळासकट उपटून आली.

जीप कडेगावात थांबली. नव्या बंगल्याच्या फाटकाशी राणी उभी होती. आत हिरवळ, कडेनं शेवंतीचे वाफे आणि आरशासारखी फरशी. दीपमालेनं सगळं डोळे भरून पाहिलं. कापणीच्या आदल्या दिवशी माणूस रान बघतो, तसं.

“आत या की. च्या टाकते.”

“नगं. परतीची गाडी हाय.”

“पाणी तरी?”

“तहान न्हाई.” तिनं दोर राणीच्या हातात दिला. हवालदारानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

पुढचे दिवस तिनं फोन उशाशी घेऊन काढले. चौथ्या दिवशी गावातल्या एका ओळखीच्या बाईनं बातमी दिली. राणीच्या हळदीकुंकवाला आलेल्या अकरा बायका हवालदारानं सोफ्यामागं कोंडल्या होत्या. सरपंचीणबाई ओटी धरून तासभर उभी. शेवंतीतून तर पायवाटच पडली होती. दीपमाला मशीनवर डोकं टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. हसू ओसरल्यावर दाराशी हवालदाराची रिकामी गोणपाटाची घडी दिसली. ती उचलून तिनं पेटीमागं टाकली.

नवव्या दिवशी पृथ्वीराजचा फोन आला.

“वयनी, येऊन जावा. कुत्र्याचं बोलायचं हाय.”

आवाज पडलेला होता. इतका पडलेला आवाज ऐकायला तिनं सात वर्षं वाट पाहिली होती. तिनं ठेवणीतलं इरकल नेसलं, पिशवीत दोर घातला आणि वाटेत काय काय बोलायचं ते वडापात बसून पाठ केलं. पहिलं वाक्य, ‘का गं राणी, शिंका येत न्हाईत व्हय आता?’ दुसरं त्याहून धारदार होतं.

पण फाटक उघडताच हवालदार असा आला की पहिलं वाक्य घशातच राहिलं. अंगावर उडी नाही, चाटणं नाही. त्यानं वास घेतला, मागं गेला आणि गुडघ्यांच्या खोबणीत नाक खुपसून तिला ढकललं.

“आरं थांब! चपला तरी काढू दे!”

तो थांबला नाही. हिरवळीवरून, आरशासारख्या फरशीवरून, सोफ्याला वळसा घालून त्यानं तिला मागच्या खोलीच्या उंबऱ्याआत नेलं. पलंगावर तानुबाई बसली होती. सुकलेल्या शेंगेसारखी. दीपमालेला पाहून तिनं पदर सारखा केला.

हवालदार परत फिरला. स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांची राणी आली, पाठोपाठ कानाला फोन लावलेला पृथ्वीराज. चौघं आत आल्यावर त्यानं एकेकाकडे पाहिलं, जणू कळप पुरा भरला की नाही ते ताडलं. मग उंबऱ्यावर आडवा पडून त्यानं मोठा सुस्कारा सोडला.

ज्ञानूच्या तेराव्यानंतर ही चार माणसं एका खोलीत आली नव्हती.

“रोज असंच करतोय,” राणी हात झटकत म्हणाली. “आमाला गोळा करून हितं आणतोय. आन् परत फाटकाकडं जाऊन बसतोय. आणिक कुणी यायचं र्‍हायलंय असं.”

दीपमालेनं पिशवीतून दोर काढला. पाठ केलेलं सगळं कुठंतरी सांडलं होतं; हाताला लागलं ते तिनं फेकलं.

“वेळेत बोलावलं बरं केलं. नायतर ह्यो बी पळायचा तुमच्या हितनं.”

पृथ्वीराजनं फोन खिशात घातला. राणीनं सासूकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. ती नजर दीपमालेनं पाहिली. चोरी पकडल्याची नव्हती ती. दुसऱ्याचं ओझं डोक्यावर घेऊन दमलेल्या बाईची होती.

“घिऊन जाऊ नगा, अक्का,” राणी म्हणाली. “वाफ्याचं काय, परत लावीन. आत्या उठून बसायला लागल्यात त्याच्यापायी. तुमाला बोलावलंय ते… त्यांनीच.”

“राणे, तू गप,” तानुबाई म्हणाली. “सात वर्सं माझ्यावाटणी गप बसलीस, आता आणिक घडीभर बस.”

तिनं हात पुढं केला. उंबऱ्यावरून उठून हवालदारानं आपलं पांढरं तोंड त्या हाताखाली नेऊन ठेवलं.

“ह्यो पळायचा न्हाई. आन् त्यो बी पळाला न्हवता.”

दीपमालेच्या मुठीत दोर तसाच राहिला.

“तिन्हीसांजेला दारात बसून गळा काढायचा. रोज. तिकडं माझा ज्ञानू दवाखान्यात. रडतं कुत्रं दारात कसं ठिवू? ह्या पृथ्वीराजला म्हणलं, पोराची आण घालते, टेम्पूत घाल आन् नदीपल्याड सोडून ये. राणी नगं म्हणत हुती. घंगाळ डोळ्याम्होरं नगं म्हणून त्यात मोगरा बी म्याच लावला.”

बाहेर कुणीतरी फाटक वाजवलं. हवालदारानं कान टवकारले, पण हाताखालून हलला नाही.

“तिसऱ्या दिवशी माझं लेकरू गेलं,” म्हातारी म्हणाली. “चित्र्या तुजी वाट बघून रडत हुता गं, दीपे. मला वाटलं, यमाची.”