अजून न जन्मलेल्यांचा खण

स्वीडनमधल्या उप्सालाच्या आमच्या निसर्ग-संग्रहालयात दर शुक्रवारी कॉफीच्या वेळी मी आणि माझी सहकारी गुनेल भविष्यातले प्राणी बनवतो. बारा वर्षं चाललाय हा खेळ. कुळ, प्रजाती, लॅटिन नाव, सगळं कार्डावर रीतसर लिहायचं आणि खणात ठेवायचं. नियम एकच, पूर्वज आज जिवंत हवा.

गुनेलचा जीव फक्त इथल्या तळ्यात सापडणाऱ्या एका इवल्याशा गोगलगाईवर. तिच्यापासून गुनेलनं अकरा जाती काढल्या होत्या. एक चक्क उडणारी, एक अंधारात चमकणारी.

आज तळ्याचा अहवाल आला. गोगलगाय संपली. काठावर बंगले उठले तेव्हाच मी बोंबलत होतो, पण ऐकतंय कोण!

"कार्डं काढ," मी म्हणालो.

"अरे दुष्टा, बन तरी खाऊ दे."

"नियम तुझाच आहे, बाई."

तिनं बन तसाच ठेवला. संपलेल्या जातीचं कार्ड आमच्याकडे फाडत नाहीत. त्यावर तांबडा शिक्का मारून तारीख घालतात. तिनं अकराच्या अकरा कार्डांवर शिक्के मारले, तारीख घातली.

मी वरचं कार्ड वाचलं.

उदय: वीस लाख वर्षांनी. नामशेष: आज.