वहिनीचं पाऊण किलो

"अर्धा किलो खाल्लंत वहिनी! भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाल्लंत!"

"मी काय कच्चा मका खाते होय? भावजी, पोतं पुन्हा टाका काट्यावर."

भावजी म्हणजे मी. वहिनी आमच्या गावचा वजनकाटा चालवते, माझा थोरला भाऊ मोठ्या सुईनं पोत्यांची तोंडं शिवतो आणि मी पोती उचलतो. आणि हे जे ओरडत होते ते वकील. कोर्टाची पायरी ते जन्मात चढले नाहीत, पण सकाळी उठल्यावर आपण उठलो का नाही यावरसुद्धा ते वाद घालतील, म्हणून गावानं त्यांना वकील केलं. त्यांच्या घरी एक जुना हातकाटा होता. पोतं ते घरी थोडं थोडं करून तोलायचे आणि मग इथं येऊन दरवेळी सांगायचे, अर्धा किलो कमी. मी पोतं पुन्हा टाकायचो, वजन तेवढंच भरायचं, वकील पाय आपटत जायचे आणि वहिनीला त्या दिवशी दोन घास जास्त जायचे. अठरा वर्षं हे असंच चाललं होतं. भांडायचे सगळेच. पण भांडून झालं की सगळे मान्य करायचे की वहिनीच्या काट्यावर बोट ठेवायला जागा नाही. तिची सगळी ऐट त्या एका गोष्टीवर होती.

काटा जुना, लोखंडी. खाली फळा, वर खाचांची दांडी, दांडीवर सरकतं वजन आणि टोकाला एक पितळी फिरकी. ती फिरकी जरा पिळली की काटा कमी-जास्त होतो, म्हणून तिला वहिनीशिवाय कुणी हात लावायचा नाही. सरकारी तपासनीस वर्षातून एकदा यायचा. बाकीचे दिवस काटा खरा की खोटा हे वहिनी स्वतःवरून ओळखायची. रोज सकाळी चहाच्या आधी, चपला काढून, सगळ्यांसमोर ती फळ्यावर उभी राहायची. अठ्ठावन्न किलो. अकरा वर्षं अठ्ठावन्न. लोक हसायचे, पण बघायला यायचे.

मग एकदा ओढ्यापाशी दोघांनी तिला अडवलं. तालुक्याच्या बँकेत निघाली होती. गल्ल्याची पिशवी नेली ती नेली, वर छत्रीही नेली. पिशवीचं ती दोन दिवसांत विसरली. छत्रीचं विसरेना.

"बाईमाणसाची छत्री नेतात! कोरड्या हवेत!" ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिनं रिव्हॉल्व्हरच्या परवान्याचा अर्ज केला.

दादानं खूप विनवलं. "अगं, तुला दाराचा कोयंडा धड लावता येत नाही."

"कोयंड्याला कोण घाबरतं?" वहिनी म्हणाली.

परवाना यायला दीड वर्ष गेलं. शहरातल्या बंदूकवाल्यानं तिला एक छोटं, काळंसावळं रिव्हॉल्व्हर दिलं. चार दिवस शेतात उभं करून धरायला, रिकामं करायला, झाडायला शिकवलं. निघताना म्हणाला, "बाई, याची भीती नको आणि कौतुकही नको. दिवसभर अंगावर वागवा. पट्टा, गोळ्या सगळं धरून पाऊण किलो. महिन्याभरात विसराल."

विसरायचं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी ती स्टुलावर बसली तर मूठ बरगडीत रुतली. दुसऱ्या दिवशी वाकून पाणी भरताना पट्टा सुटून सगळं लचांड हौदात गेलं. आम्ही ते गळानं काढलं, दादानं डोळे मिटून. सरावाला तिनं बांधावर एक भोपळा ठेवला. सहा गोळ्या झाल्या. भोपळा होता तसाच राहिला, पण शेजारणीच्या कोंबड्यांनी आठवडाभर अंडी दिली नाहीत आणि शेजारीण कुंपणावरून रोज त्याचा हिशेब मागायची.

वहिनी हट्टाची. स्वयंपाक करताना पट्टा, झाडताना पट्टा, भांडताना तर पट्टाच. फक्त सकाळी काट्यावर चढताना चपलांबरोबर तो आठवणीनं काढून ठेवायची. चष्म्याचं घरही तिनं त्याच पट्ट्याला शिवून घेतलं. आधी दहादा चाचपून बघायची, मग पाचदा, मग एकदाही नाही. महिन्याभरानं दादानं विचारलं, "आज घरी ठेवलंस का ते?"

"काय?"

"अगं, ते."

वहिनीनं कमरेला हात लावला आणि स्वतःच दचकली. "आहे की! बघा, म्हणाला होता ना तो, विसराल म्हणून!" त्या दिवशी तिला फार आनंद झाला होता.

दुसऱ्या सकाळी ती काट्यावर उभी राहिली. दांडी थरथरली आणि पावणेएकोणसाठावर थांबली.

अंगणात दहा-बारा माणसं होती. मक्याची सुगी ऐन भरात होती, गाड्यांची रांग पार वळणापर्यंत लागली होती, धुरळ्यानं सगळ्यांच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. वहिनीनं दांडीकडं पाहिलं.

"वजन वाढलं असेल," दादा म्हणाला. बिचारा सरळ मनाचा माणूस.

"कुणाचं?"

"तुझं."

"माझं?" वहिनीनं अशा आवाजात विचारलं की दादा सुई ओवायला लागला. "सुगीत मला धड जेवायला मिळत नाही आणि माझं वजन वाढेल? काटा सरकलाय." तिनं फिरकी पिळली, पुन्हा उभी राहिली, पुन्हा पिळली. अठ्ठावन्न. "हं. आता बरोबर."

माझ्या डोळ्यांसमोर झालं हे. तिच्या कमरेला ते होतं, मला दिसत होतं, आणि माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. आम्हा सगळ्यांनाच त्याची सवय झाली होती.

त्यानंतर तीन आठवडे काट्यावर कुणी भांडलं नाही. माणसं यायची, आकडा ऐकायची, मान हलवायची, जायची. वहिनी आधी खूश होती. मग अस्वस्थ झाली.

"लोकांना झालंय काय? परवा मी मुद्दाम एकाला पोत्याचं वजन दोनदा ओरडून सांगितलं, तरी हूं की चूं नाही."

वकील आले. पोती उतरवली. वहिनीनं आकडा सांगितला. वकिलांनी तोंड उघडलं, तिच्याकडं पाहिलं आणि तोंड मिटलं.

"बोला की!" वहिनी म्हणाली.

"तुम्ही म्हणाल तसं."

"बरं नाही का तुम्हाला?"

"बरं आहे," वकील म्हणाले आणि बैलांना घेऊन चालते झाले. वहिनी त्या दिवशी जेवली नाही. माणसं मनातल्या मनात काही म्हणतात आणि ते आपल्याला ऐकू येत नाही, हे तिला सहन होईना.

मग ठाण्यातून निरोप आला, परवान्याची सगळी हत्यारं तपासणीला दोन दिवस जमा करा. वहिनी जाऊन पट्ट्यासकट ठेवून आली. दुसऱ्या सकाळी काट्यावर उभी राहिली, तर सव्वासत्तावन्न!

तिनं चपळाईनं खाली उडी मारली. "अहो! बघितलंत? पाऊण किलो उतरलं माझं!" काट्यानं वाढवलं तर काटा खोटा आणि घटवलं तर काटा खरा, असा तिचा न्याय. पदर खोचून दोनदा गिरकी घेतली तिनं. आणि गिरकी घेताना तिचा हात कमरेशी गेला आणि तिथंच थांबला.

 ती फळ्याच्या कडेवर बसली.

"पाऊण किलो," ती म्हणाली. "भावजी, दर पोत्यामागं पाऊण किलो. तीन आठवडे."

दादाला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यानं आधी अंगणाचं फाटक लावलं. "हे बघ, कुणाला समजलेलं नाही. फिरकी परत पीळ आणि गप्प बस. सांगितलंस तर अठरा वर्षांचं नाव मातीत जाईल."

"मला समजलंय ना."

"तुला समजून काय होतंय?"

"तेच तर म्हणते. रोज सकाळी त्या फळ्यावर मीच उभी राहते. फाटक उघडा."

संध्याकाळच्या आत सगळं गाव अंगणात होतं. वहिनी फळ्यावर चढली आणि झालं ते झालं तसं सांगितलं, वजन वाढल्याच्या रागासकट. कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या, शेजारणीनं कोंबड्यांचा विषय काढला. वहिनीनं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि सगळ्यांसमोर फिरकी परत पिळून काटा अठ्ठावन्नावर आणला. मग आमच्या घरच्या कोठीतला मका काढून, ज्याची जेवढी पोती तेवढं पाऊण-पाऊण किलो तिनं भरून दिलं. कोठी तळाला गेली. दादा सुई हातात धरून नुसता बघत होता.

वकील सगळ्यांत शेवटी आले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"घरच्या काट्यावर नेहमी अर्धा किलो फरक यायचा. यंदा सव्वा किलो आला. तीनदा तोलून बघितलं."

वहिनीनं मनातल्या मनात वजाबाकी केली. बरोबर पाऊण.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायलाच आलो होतो. तुमचा हात कमरेला गेला."

"मी चष्मा काढत होते!"

"मला काय माहीत, आधी काय निघेल?"

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता माफी मागेल. "अठरा वर्षं खोटं भांडलात," ती ओरडली, "आणि एकदाच, जन्मात एकदाच तुमचं खरं होतं, तर शेपूट घालून बसलात! तुमच्या जिवावर मी निर्धास्त होते ना!"

वकिलांनी आपल्या वाटणीचा मका न तोलताच पोत्यात ओतला. तसं आधी कधी झालं नव्हतं.

ठाण्यातून रिव्हॉल्व्हर परत आलं. वहिनीनं काट्याजवळच्या भिंतीत एक लोखंडी पेटी बसवून घेतली. बँकेच्या वाटेवर पट्टा कमरेला, काट्यावर पेटीत, आणि किल्ली तिच्या गळ्यात. किल्लीचं वजन किती, हेही तिनं आधी तोलून बघितलं.

पुढच्या आठवड्यात वकील उरलेली पोती घेऊन आले. मी पहिलं पोतं टाकलं. दांडी स्थिर झाली, वहिनीनं आकडा सांगितला. वकिलांनी दांडीकडं पाहिलं, पेटीच्या कुलपाकडं पाहिलं, वहिनीच्या मोकळ्या कमरेकडं पाहिलं.  दादाची सुई थांबली.

वकिलांनी घसा खाकरला. "अर्धा किलो कमी आहे."

"काय म्हणालात?"

"अर्धा किलो खाल्लंत वहिनी! भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत!"

वहिनीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पदर खोचून ती उठली. "भावजी, पोतं पुन्हा टाका काट्यावर!"

त्या दुपारी ते एकच पोतं मी चार वेळा उचललं. माझी पाठ अजून दुखतेय, पण तेव्हा मला कुणी विचारलं नाही.