आत्याच्या गिझरवरचा आळ

रोज सकाळी बोर्डातला सेफ्टी स्विच खटकन पडायचा आणि सगळं घर बंद व्हायचं. आळ यायचा तो आत्याच्या जुन्या गिझरवर. बिचारी आठ दिवस गार पाण्याने आंघोळ करत होती, तरी स्विच पडतच होता. "जुना आहे, बंद असला तरी काहीतरी करत असेल," भाचा म्हणायचा.

शेवटी त्याने वायरमनबाईंना बोलावलं. "हा स्विचच काढून टाका. डोक्याला ताप नुसता!"

"शॉक बसू नये म्हणूनच पडतो तो," बाई म्हणाल्या. त्यांनी सगळे प्लग काढले आणि एकेक परत लावला. गिझर लावला तेव्हा स्विच पडला नाही, फ्रिज लावला तेव्हाही नाही. भाच्याच्या नव्याकोऱ्या वॉशिंग मशीनवर कुणाचाच संशय नव्हता. तिचं बटण दाबलं मात्र, स्विच खाली! मागे नळी ठिबकत होती आणि वायरीचा जोड ओलाचिंब झाला होता.

"स्विच काढला असता, तर मशीनला हात लावणाऱ्याचं काही खरं नव्हतं," बाई म्हणाल्या.

भाच्याचा चेहरा उतरला. रोज सकाळी मशीनला कपडे तोच लावायचा. आत्याला त्याला चार शब्द सुनावायचे होते, पण त्याच्याकडे पाहून तिने त्याला बसायला खुर्ची पुढे सरकवली.