बाहीवरचा बिल्ला

अधिकाऱ्याने कागदी पिशवीतून सैनिकी जाकीट काढून टेबलावर पसरलं आणि बाहीवरच्या कापडी बिल्ल्यावर बोट ठेवलं. परक्या सैन्याचा बिल्ला.

"मावशी, तुम्ही शिवणकाम करता ना? मग नीट बघून सांगा. तुमच्या मुलाच्या जाकिटावरचा हा बिल्ला तिकडे शिवलाय की इकडे?"

म्हातारीने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. शेजारी सून मान खाली घालून बसली होती. सकाळपासून म्हातारीने एकच धोशा लावला होता, की पोरगा परदेशात बेकरीत कामाला म्हणून गेला आणि तिकडे त्याच्या अंगावर जबरदस्तीने वर्दी चढवली. खोटं कशाला बोलेल ती? निघताना त्याला दोन एप्रन तिनेच शिवून दिले होते, चांगले मोठे खिसे लावून. जबाबात तेही लिहून घ्यायला लावलं होतं.

"भरती करणारा एजंट इथेही जाकिटं आणि बिल्ले वाटायचा," अधिकारी म्हणाला. "तिकडे शिवला असेल, तर तुमचा मुलगा फसला, सुटेल. इथूनच शिवून नेला असेल, तर जाणूनबुजून गेला. मग दहा वर्षं आत."

तिने बाही उलटी केली. अस्तराखाली दडवलेली तिहेरी गाठ, तिच्या शेजारी आडवा टाका. चाळीस वर्षांत ही गाठ तिने एकाच बाईला शिकवली होती, तीही डोकेफोड करून. अगं बाई! म्हणजे पोराला सगळं ठाऊक होतं. हिलाही ठाऊक होतं. आणि मी वेडी एप्रन शिवत बसले!

शेजारी सुनेने श्वास रोखून धरला होता.

"काय मावशी, ओळखीचा हात वाटतो?"

"हा?" तिने जाकीट बाजूला लोटलं. "साहेब, असलं गबाळं काम माझ्या घरात कुणी केलं असतं, तर सुई काढून घेतली असती हातातली. तिकडचंच आहे हे."

त्याने लिहून घेतलं. तिने सही केली.

बाहेर पायऱ्यांवर सुनेने तिचा दंड धरला.

"आई, मी..."

"कधी शिवलास?"

"तुम्ही एप्रनचे खिसे लावत होतात ना, तेव्हा. आतल्या खोलीत."

म्हातारी दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"आणि ते एप्रन?"

"कपाटाच्या मागे आहेत, आई. त्यांनी नेलेच नाहीत."

म्हातारी पायरीवर बसली.