कुलपातली सोय

शाळा सुटल्यावर बाळाबाईनं पिंकीच्या दप्तरातली बाटली काढली आणि शाळेच्या पायरीवरच उपडी केली. सकाळी भरून दिलेलं पाणी तसंच भळाभळा सांडलं. आटपाडीचं ऊन, आणि हप्ताभर रोज हीच तऱ्हा.

बाळाबाईला संशय पहिल्यापासून होता. नातीचं नाव घालताना हेडमास्तर फार गोड बोलले होते, चहासुद्धा पाजला होता. आणि गोड बोलणाऱ्या माणसाच्या दारात ती चप्पल काढताना मागं वळून बघायची. पायात लोखंडी पट्ट्या घातलेल्या पोराला सरळ नको म्हणता येत नाही, कायदा आडवा येतो. मग असंच तहानेनं वाळवून घरी बसवायचं, असं तिनं ताडलं.

तिनं तिथंच जाब विचारला तेव्हा हेडमास्तर म्हणाले, पाण्याला कुणी अडवत नाही, तीच पीत नाही. बाळाबाईनं नातीकडं बघितलं.

"पाणी प्यालं की जावं लागतंय," पिंकी खाली बघत म्हणाली. "मला तितं बसता येत न्हाई."

तेवढ्यावर हेडमास्तरांना जोर आला. दिव्यांग मुलांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे, धरायला दांडे आहेत, सगळं नियमाप्रमाणे. फक्त बाकीची मुलं घाण करतात म्हणून कुलूप. चावी मागितली की मिळते.

"समद्या पोरांम्होरं मागू?" पिंकीनं विचारलं.

"उघडा," बाळाबाई म्हणाली.

आत खराटे, फाटक्या सतरंज्या आणि तांदळाची पोती होती.

"तपासणीला सायेब येत्यात तवा हे मोकळं करत असाल न्हवं? सायबाचं पाय अधू हायत व्हय?"

हेडमास्तरांनी बाह्या सरसावून पोती ओढायला घेतली. बाळाबाईनं सतरंज्या बाहेर फेकल्या आणि कुलूप उचलून पदराच्या गाठीत बांधलं.

मग जन्मापासून उचलत आली तसं तिनं नातीला काखेत धरून आत नेलं आणि लुगडं सावरून खाली वाकली. पिंकीनं एका हातानं दांडा पकडला, दुसऱ्यानं तिचा हात बाजूला केला.

"आजी, तू भाईर हो."

दार लागलं. आतून कडी सरकली. बाळाबाईचे हात होते तसेच अधांतरी राहिले. शेजारी हेडमास्तर दिसले तेव्हा कुठं तिनं ते खाली घेतले.

"तुमी काय बघताय? तिकडं तोंड करा," ती म्हणाली, आणि स्वतःही पाठ फिरवून उभी राहिली.